कमेंटमधून साइटला लिंक कशी मिळते: मराठवाड्यातल्या नव्या साइटवाल्यांसाठी

वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बालाघाटातलं सीताफळ, पैठणच्या हातमागावरची पैठणी, वेरूळजवळचे होमस्टे, लातूरच्या क्लासच्या नोट्स. अशा कामांच्या छोट्या साइट आता मराठवाड्यात तालुक्यातालुक्यात निघाल्या आहेत. साइट तयार होते, नातेवाईक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरची मंडळी एकदा उघडून बघतात आणि मग तिकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा कुणीतरी सांगतं, दुसऱ्यांच्या ब्लॉगवर कमेंट टाका, लिंक मिळेल, गुगलमध्ये वर याल. कमेंट टाकली की लिंक आणि लिंक मिळाली की वरचा नंबर, हा सरळ हिशेब फार पूर्वीच बंद झाला. तरी कमेंटचा उपयोग उरला आहे, फक्त तो दुसऱ्या वाटेने मिळतो. ती वाट इथे क्रमाने दिली आहे.

आधी लिंकचं वजन समजून घ्या

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची कल्पना अशी होती: एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत दिलं, आणि ज्या पानाला स्वतःला वजनदार लिंका आहेत त्याचं मत जास्त जड. लोकांच्या हे लक्षात आल्यावर हजारो ब्लॉगांवर यंत्राने कमेंटी पडू लागल्या. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. लिंकला ही खूण असली की तिचं मत मोजायचं नाही. एप्रिल २०१२ मध्ये गुगलचा पेंग्विन बदल आला आणि बनावट लिंका गोळा केलेल्या साइट खाली ढकलल्या गेल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये वाचकांनी टाकलेल्या लिंकांसाठी 'यूजीसी' आणि पैसे देऊन लावलेल्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' अशा वेगळ्या खुणा आल्या. तेव्हापासून गुगल या खुणांकडे आदेश म्हणून न बघता इशारा म्हणून बघतं.

वर्डप्रेस या साइट आणि ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीवरच्या ब्लॉगमध्ये कमेंटच्या लिंकला 'नोफॉलो' आणि 'यूजीसी' या दोन्ही खुणा आपोआप लागतात. ब्लॉगवाल्याने काही केलं नाही तरी लागतात. म्हणून कमेंटमधल्या लिंकने तुमची साइट वर चढेल हे गणित मनातून काढून टाका.

मग कमेंट लिहायचीच कशाला? दोन कारणं आहेत. तो लेख वाचणाऱ्यांपैकी ज्याला तुमचं म्हणणं पटतं, तो नावावर क्लिक करून साइटवर येतो. संख्या थोडी असते, पण तो विषयातलाच माणूस असतो. दुसरं कारण जास्त मोठं आहे. ब्लॉगचा लेखक स्वतः कमेंट वाचतो. हळदीवर लिहिणाऱ्या पुण्यातल्या किंवा दिल्लीतल्या माणसाला वसमतच्या मोंढ्यात काय बोललं जातं ते माहीत नसतं. ते सांगणारा माणूस त्याला भेटला की पुढच्या लेखात तो त्याचा उल्लेख करतो आणि लेखाच्या मजकुरातच लिंक देतो. ती लिंक खरी. तिला कुठलीही खूण नसते आणि ती कुणी मागितलेली नसते. कमेंट ही त्या लेखकाशी ओळख करून घेण्याची जागा आहे, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: दाखवण्याजोगं पान तयार करा

साइटवर फक्त 'आमच्याविषयी', 'उत्पादने' आणि 'संपर्क' एवढंच असेल तर कमेंटींना हात घालू नका. आलेल्या माणसाला तिथे वाचण्यासारखं काही सापडणार नाही, आणि लेखकाला लिंक द्यावीशी वाटेल असंही काही नसेल. विक्रीचं पान कुणी लिंकत नाही. हळदीची साइट असेल तर हळद शिजवण्यापासून पॉलिशपर्यंतचं पान लिहा. पैठणीची असेल तर हातमागाची आणि यंत्रमागाची साडी कशी ओळखायची ते लिहा, साडीच्या पाठच्या बाजूच्या फोटोसह: हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. अशी तीन ते पाच पानं सुरुवातीला पुरतात. प्रत्येकात स्वतः काढलेले फोटो, स्वतः मोजलेले आकडे आणि हंगाम असू द्या. दुसरीकडून उचललेला मजकूर लगेच ओळखू येतो.

पानाच्या पत्त्याकडे लक्ष द्या. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवतं, तो कॉपी करून कुठे चिकटवला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होते आणि बघणाऱ्याला काहीतरी संशयास्पद वाटतं. प्रसिद्ध करण्याआधीच पत्त्याची जागा शोधून तिथे इंग्रजी लिपीत दोन-तीन छोटे शब्द घाला. मजकूर मराठीच राहू द्या.

मोबाइलवर पान उघडून बघा, तेही घरच्या वायफायवर न बघता गावातल्या साध्या नेटवर्कवर. पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतील तर पान उघडायच्या आत माणूस परत जातो. फोटो दोन-तीनशे केबीपर्यंत आणले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

दुसरी पायरी: स्वतःची ओळख

कमेंटच्या चौकटीत साधारण तीन जागा असतात: नाव, ईमेल, वेबसाइट. नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहा. 'वसमत हळद होलसेल रेट' असं नाव दिलं की वाचायच्या आधीच कमेंट उडते. ज्यांना कामाचा उल्लेख हवाच असेल त्यांनी नावापुढे गाव लावावं, तेवढं पुरे. ईमेल लोकांना दिसत नाही, पण ब्लॉगवाल्याला दिसतो. म्हणून शक्यतो स्वतःच्या साइटच्या नावाचा ईमेल द्या आणि तो रोज बघत जा. तोच ईमेल ग्रॅव्हटार या सेवेवर नोंदवून चेहऱ्याचा साधा फोटो लावा. मग वर्डप्रेसच्या बहुतेक ब्लॉगांवर तुमच्या कमेंटशेजारी तो आपोआप दिसतो. बोधचिन्हापेक्षा चेहरा बरा, कारण लेखक माणसाशी बोलतो.

सगळीकडे नाव, ईमेल आणि फोटो एकच ठेवा. चौथ्या वेळी लेखकाला 'अरे, हे ते वसमतचे' असं आठवायला हवं.

तिसरी पायरी: ब्लॉग शोधणं

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात. मोठा ब्लॉग, खूप वाचक, शेकडो कमेंटी असं बघून ते तिथे जातात, आणि त्या गर्दीत त्यांची कमेंट लेखकाच्या नजरेलाही पडत नाही. तुम्हाला हवा तो मध्यम ब्लॉग. विषय जवळचा, गेल्या तीन महिन्यांत किमान एक नवा लेख, लेखाखाली दोन ते वीस कमेंटी, आणि त्यात लेखकाने स्वतः दिलेली उत्तरं. हे शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. लेखक उत्तर देत नसेल तर ओळख होणार नाही, मग बाकी सगळं असून उपयोग नाही.

विषय जवळचा म्हणजे तुमच्याच धंद्याचा असं नाही. हळदवाल्याने हळद विकणाऱ्यांच्या साइटवर जाऊन काय होणार? त्याने स्वयंपाकाचे, आयुर्वेदाचे, शेतीचे, घरगुती लोणची-मसाल्यांचे ब्लॉग बघावेत. होमस्टेवाल्याने प्रवासाचे, लेणी आणि शिल्पकलेचे, मोटरसायकलवर फिरणाऱ्यांचे. सीताफळवाल्याने कोरडवाहू शेतीचे आणि फळप्रक्रियेचे. क्लासवाल्याने पालकांसाठी लिहिणाऱ्यांचे.

शोधताना गुगलमध्ये विषयाचा नेमका वाक्प्रयोग दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे तेच शब्द जसेच्या तसे असलेली पानं येतात. सोबत 'प्रतिक्रिया द्या' किंवा 'आपली प्रतिक्रिया' हे शब्दही अवतरणात जोडले तर कमेंट उघडी असलेली पानं वर येतात. विक्रीच्या साइट नको असतील तर नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीचं चिन्ह लावा. निकालात 'मागील एक वर्ष' असा काळ निवडता येतो, तोही निवडा. सातत्याने लिहिणारे मराठी ब्लॉग सगळ्या विषयांत सापडत नाहीत, म्हणून हिंदी आणि इंग्रजीतही शोधा. तुमचं इंग्रजी साधं असेल तरी चालतं. छोट्या वाक्यांत माहिती अचूक असली की लेखक भाषेच्या चुका मोजत बसत नाही. मात्र ज्या भाषेत लेख, त्याच भाषेत कमेंट.

पंधरा ते वीस ब्लॉगांची यादी शीटमध्ये करा. ब्लॉगचं नाव, पत्ता, लेखकाचं नाव, शेवटचा लेख कधीचा, लेखक उत्तर देतो का, तुम्ही कमेंट कधी केली, काय झालं, एवढे रकाने पुरे. नवा लेख आल्याचं कळण्यासाठी ब्लॉगची ईमेल सूचना लावा किंवा फीडलीसारख्या, निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एकत्र दाखवणाऱ्या सेवेत ब्लॉग जोडा. पहिल्या एक-दोन दिवसांत लिहिलेली कमेंट लेखक नक्की वाचतो. सहा वर्षांपूर्वीच्या लेखावर लिहिलेली कदाचित कुणीच वाचत नाही. काही ब्लॉग तर ठरावीक दिवसांनंतर कमेंट आपोआप बंद करतात.

लिंकला कुठली खूण लागते ते बघायचं असेल तर संगणकावर कंट्रोल आणि यू ही बटणं दाबून पानाचा कोड उघडा आणि एखाद्या कमेंट करणाऱ्याचं नाव त्यात शोधा. नावाच्या आसपास इंग्रजी अक्षरांत 'nofollow' (नोफॉलो) दिसेल. एकदा कुतूहल म्हणून बघा आणि सोडून द्या. 'नोफॉलो नसलेल्या ५०० ब्लॉगांची यादी' म्हणून जे विकलं जातं त्याला हातही लावू नका. ती यादी हजारो जणांनी वापरलेली असते आणि त्या ब्लॉगांवर आता कचऱ्याशिवाय काही उरलेलं नसतं.

चौथी पायरी: कमेंट लिहिणं

लेख पूर्ण वाचा, खालच्या कमेंटीही वाचा. तुम्ही सांगणार तेच कुणी आधी सांगितलं असेल तर पुन्हा सांगू नका.

वाईट कमेंट सगळ्यांनी पाहिलेली असते: 'खूप छान माहिती दिलीत सर. शुद्ध वसमत हळदीसाठी आमच्या साइटला भेट द्या.' हिच्यात लेखातलं काहीच नाही. कुठल्याही लेखाखाली ती तशीच चिकटली असती, आणि म्हणूनच ब्लॉगवरची कचरा कमेंटी आपोआप अडवणारी गाळणी तिला कचरा ठरवते. दुसरा वाईट प्रकार अलीकडचा आहे. एआयकडून लिहून घेतलेली कमेंट लेखाचाच सारांश परत सांगते, दोन गोड विशेषणं जोडते आणि संपते. लांब असते म्हणून लिहिणाऱ्याला ती चांगली वाटते. लेखकाला मात्र आपलंच वाक्य आपल्याला परत वाचायला मिळतं.

आता चांगली. समजा एका स्वयंपाकाच्या ब्लॉगवर घरी हळद पावडर कशी करावी यावर लेख आहे:

'नमस्कार. तुम्ही लिहिलं आहे की ओली हळद पाऊण तास उकळून वाळवावी. आमच्या वसमत भागात वेळेपेक्षा खूण बघतात. पाण्यावर फेस येतो, हळदीचा वास सुटतो आणि हळकुंडात काडी सहज शिरते, तेव्हा उतरवायची. जाड गड्डे आणि बोटाएवढी हळकुंडं एकत्र उकळू नका. हळकुंडं आधी शिजतात, आणि गड्डे होईपर्यंत ती जास्त शिजून त्यांचा रंग बिघडतो. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते. कडक उन्हात वाळायला साधारण १२ ते १५ दिवस लागतात. पाच किलो ओल्या हळदीची सुमारे एक किलो वाळलेली होते, घरासाठी किती आणायची ते त्यावरून ठरवता येईल. एक विचारायचं होतं: तुम्ही काप करून वाळवलेल्या हळदीचा रंग वर्षभर टिकला का?'

यात साइटचं नाव कुठेच नाही. लेखातल्या नेमक्या ओळीला हात घातला आहे, म्हणजे लेख वाचल्याचं कळतं. लेखात नसलेली माहिती खुणा, आकडे आणि कारणांसह दिली आहे. शेवटी खरा प्रश्न आहे, ज्याचं उत्तर फक्त लेखकाकडे आहे. या प्रश्नामुळे संवाद पुढे जातो. प्रश्न ओढूनताणून विचारू नका. विचारण्यासारखं नसेल तर न विचारता थांबा.

लांबी साठ ते दीडशे शब्द. त्याहून लांब होत असेल तर तो तुमच्या साइटवरचा लेख आहे, तिथे लिहा. पाठवण्याआधी एक कसोटी लावा: तुमचं नाव आणि साइट पुसून टाकली तरी ही कमेंट राहावी असं लेखकाला वाटेल का? वाटणार नसेल तर पाठवू नका.

चूक दाखवणारी कमेंट फार उपयोगी पडते, कारण लेखक ती दुरुस्त करतो आणि दुरुस्त करताना तुमचं नाव लक्षात ठेवतो. प्रवासाच्या ब्लॉगांवर संभाजीनगरच्या सहलीच्या आखणीत एक चूक हमखास सापडते. तिथे असं लिहिता येईल:

'तुमच्या आखणीत अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी आलं आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. दोन दिवसांची अदलाबदल केली की बाकी आखणी तशीच राहते. शहरापासून अजिंठा साधारण १०० किलोमीटर आहे आणि वेरूळ ३०. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूर फाट्यावर लावून पुढचे सुमारे ४ किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, त्याचा वेळ धरावा.'

'तुम्हाला एवढंही माहीत नाही' असा सूर यात कुठेही नाही. चूक सांगितली आणि तिच्यावरचा उपाय लगेच दिला. चूक मोठी असेल, लेखकाला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होईल अशी असेल, तर कमेंट न करता संपर्काच्या पानावरून कळवा. लेखक ते विसरत नाही.

संबोधनाचं म्हणाल तर 'नमस्कार' आणि 'तुम्ही' सगळीकडे चालतं. अनोळखी लेखिकेला थेट 'ताई' किंवा लेखकाला 'भाऊ' म्हणण्याआधी त्या ब्लॉगवरचे बाकीचे वाचक कसं बोलतात ते बघा. कृषी किंवा शिक्षणाच्या ब्लॉगांवर 'सर' आणि 'मॅडम' रुळलेलं आहे, तिथे ते वापरा.

टाइप करताना युनिकोडच वापरा. मोबाइलचा जीबोर्ड किंवा संगणकावरचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीतून युनिकोडच उमटतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आधीच टाइप केलेला मजकूर चिकटवला तर समोरच्याला अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि अशी कमेंट कुणी ठेवत नाही.

पाचवी पायरी: लिंक कुठे ठेवायची

वेबसाइटच्या जागेत. एवढंच. तिथे मुखपृष्ठापेक्षा विषयाला लागून असलेलं पान दिलेलं बरं: हळद शिजवण्याच्या लेखावर हळद शिजवण्याचं पान. पण अगदी पहिल्या कमेंटला मुखपृष्ठच द्या, ओळख नसताना ते साधं दिसतं.

मजकुरात लिंक एकाच वेळी चालते, जेव्हा कुणीतरी विचारलं असेल किंवा सांगायची गोष्ट कमेंटमध्ये मावणारी नसेल, उदाहरणार्थ फोटो किंवा तक्ता. तेव्हाही एकच लिंक, पूर्ण पत्ता दिसेल अशी, आणि सोबत तिथे काय आहे ते एका वाक्यात. वर्डप्रेसमध्ये मुळातच अशी सोय असते की दोन किंवा जास्त लिंका असलेली कमेंट आपोआप अडवून ठेवली जाते. पत्ता छोटा करणाऱ्या सेवा वापरू नका, कारण आत काय आहे ते दिसत नाही. कुठून लोक आले ते मोजण्यासाठी पत्त्याला यूटीएमची शेपटी जोडण्याचा मोहही टाळा, ती जाहिरातीची खूण म्हणून लगेच ओळखू येते.

काही ब्लॉगवाल्यांनी वेबसाइटची जागाच काढून टाकलेली असते. तिथे लिंक नाही म्हणून सोडून जाऊ नका. लेखक वाचणारच आहे. गुगलच्या ब्लॉगर या सेवेवरच्या काही ब्लॉगांवर कमेंट करताना नाव आणि पत्ता देण्याचा पर्याय मिळतो. तो नसेल तर गुगल खात्याचं प्रोफाइल नीट भरा. डिस्कस या वेगळ्या कमेंटसेवेची चौकट असेल तर साइटचा पत्ता तिथल्या प्रोफाइलमध्ये जातो.

पाठवल्यानंतर

'तुमची कमेंट तपासणीसाठी थांबली आहे' असा संदेश येणं नेहमीचं आहे. वर्डप्रेसमध्ये ज्याची एकही कमेंट आधी मंजूर झालेली नाही त्याची पहिली कमेंट थांबवली जाते. एकदा मंजूर झाली की पुढच्या सहसा सरळ दिसतात. पहिली चांगली असावी ती म्हणूनही. दिसत नाही म्हणून तीच पुन्हा पाठवू नका. तोच मजकूर दुसऱ्यांदा वर्डप्रेस स्वीकारत नाही, आणि शब्द बदलून चार वेळा पाठवलात तर लेखक वैतागतो.

खरी भीती गाळणीची आहे. वर्डप्रेसवरचे असंख्य ब्लॉग अकिस्मेट ही सेवा वापरतात. २००५ पासून चालू असलेली ही सेवा सगळ्या ब्लॉगांवरून शिकते. काही ब्लॉगवाल्यांनी तुमची कमेंट कचरा म्हणून टाकली की तुम्हाला न ओळखणाऱ्या ब्लॉगांवरही पुढच्या कमेंटी थेट कचऱ्याच्या डब्यात जाऊ शकतात. लेखकाला त्या दिसतही नाहीत. एका दिवसात एकच मजकूर तीस ठिकाणी चिकटवण्याचं नुकसान हे असं होतं. चांगल्या कमेंटीही सलग गायब होत असतील तर एखाद्या ओळखीच्या ब्लॉगवाल्याला संपर्काच्या पानावरून लिहा आणि कचऱ्याच्या डब्यात बघून 'हा कचरा नाही' अशी खूण करायला सांगा. अकिस्मेट तेही शिकतं.

उत्तर आल्याचं कळवण्यासाठी चौकट असेल तर टिचकी मारून ठेवा. उत्तराला उत्तर देणं हे नव्या कमेंटपेक्षा महत्त्वाचं काम आहे. लेखकाने प्रश्न विचारला आणि तुम्ही आठ दिवस गायब, असं झालं की झालेली ओळख पुसली जाते.

वेग किती ठेवावा

आठवड्याला तीन-चार कमेंटी. एका कमेंटीला वाचण्यासकट अर्धा तास धरा. हंगामात, म्हणजे हळद काढणीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा सीताफळाच्या दिवाळीआधीच्या दिवसांत, एखादीच झाली तरी चालेल. हातात ताजं काम असताना लिहिलेली एक कमेंट चार रिकाम्या कमेंटींपेक्षा भारी ठरते, कारण तेव्हा फोटोही असतात आणि आकडेही.

कमेंटकडून खऱ्या लिंकेकडे

एकाच लेखकाच्या ब्लॉगवर तीन-चार वेळा बोलणं झालं, त्याने उत्तरं दिली, की मग एक छोटा ईमेल लिहायला हरकत नाही. त्यात काही मागण्याआधी काही द्यायचं असतं:

'नमस्कार. तुमच्या हळदीच्या लेखावर मी वसमतहून लिहिलं होतं. हळद काढणी, शिजवणं, वाळवणं आणि पॉलिश, सगळ्यांचे फोटो आमच्याकडे आहेत. लेखात वापरायचे असतील तर पाठवतो. मोबदला नको, फोटोखाली साइटचा उल्लेख केलात तर आनंद होईल. गरज नसेल तरी काही हरकत नाही.'

ज्यांनी दुरून हळदीवर लिहिलं आहे त्यांच्याकडे शिजवणीचे खरे फोटो बहुधा नसतात. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तिच्याविषयी लिहिणारेही वाढले आहेत आणि त्यांना माहिती हवी असते. फोटो, मोजमापं, हंगामाच्या तारखा, बाजारात माल ओळखण्याच्या खुणा, मुलाखतीची तयारी: मराठवाड्यात बसून तुमच्याकडे जे सहज आहे तेच द्या. दुसऱ्यांदा आठवण करायची तर दहा दिवसांनी एकदा. मग थांबा.

पैसे देऊन लिंक घेऊ नका आणि 'तुम्ही आम्हाला लिंक द्या, आम्ही तुम्हाला देतो' असे ठरावही घाऊक करू नका. गुगलच्या नियमांत दोन्ही लिंक स्पॅममध्ये मोडतात. जाहिरात म्हणून पैसे देऊन लावलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' ही खूण हवी.

आणि हे करत असताना जवळचं विसरू नका. तालुक्याच्या शेतकरी कंपनीची साइट, ज्या प्रदर्शनात तुम्ही गाळा घेतला त्याची सहभागींची यादी, तुमच्याविषयी छापून आलेली स्थानिक बातमी, जिथे मालाचा पुरवठा करता त्या दुकानाची साइट. इथे कमेंटची गरजच नाही, फोन केला तरी नावाला लिंक जोडून मिळते.

मोजायचं कसं

गुगल सर्च कन्सोल मोफत आहे. साइट त्यात नोंदवली की 'लिंक' या भागात तुम्हाला कोणकोणत्या साइटवरून लिंका आहेत ते दिसतं. त्या यादीत नोफॉलो लिंकाही असतात, म्हणून नुसता आकडा वाढला म्हणून खूश होऊ नका. एकेक पान उघडून लिंक कमेंटमध्ये आहे की लेखाच्या मजकुरात, ते बघा आणि शीटमध्ये लिहा. गुगल ॲनालिटिक्समध्ये 'रेफरल' खाली कुठल्या ब्लॉगवरून माणसं आली आणि किती वेळ थांबली ते कळतं. एका ब्लॉगवरून महिन्यात पाचच जण आले पण तिघांनी दोन-दोन पानं वाचली, तर तो ब्लॉग जपण्यासारखा आहे.

तीन महिन्यांनी यादी चाळा. ज्या लेखकाने एकदाही उत्तर दिलं नाही तो ब्लॉग काढा, नवा घाला. मजकुरातली पहिली लिंक यायला तेवढा काळ लागतोच, कधी जास्तही.

गुत्तेदाराकडे काम दिलं असेल तर

'दोन हजारांत पाचशे बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या पाचशे लिंका, असे संदेश साइट सुरू होताच येऊ लागतात. लिंका लावून देणारे असे गुत्तेदार यंत्राने कमेंटी टाकतात, आणि त्या तुमच्याच नावाने पडतात. आधीच असं झालं असेल तर घाबरून जाऊ नका. २०१६ नंतर पेंग्विन गुगलच्या मुख्य गणिताचा भाग झाला आणि अशा लिंकांचं वजन बहुतेक करून शून्य धरलं जातं. सर्च कन्सोलमधला 'मॅन्युअल ॲक्शन' हा भाग उघडा, गुगलने साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते. तिथे काही नसेल तर गुत्तेदाराचं काम थांबवा आणि ज्या कमेंटी ब्लॉगवाल्याला सांगून काढता येतील तेवढ्या काढा. लिंका नाकारण्याचं गुगलचं वेगळं साधन आहे, पण ते कारवाई झालेल्यांसाठी किंवा तशी भीती खरोखर असलेल्यांसाठी. बाकीच्यांनी त्यात हात घालून चांगल्या लिंकाही नाकारून बसण्याचा धोका घेऊ नये.

घरच्या चार जणांनी एकाच वायफायवरून वेगवेगळ्या नावांनी तुमच्या साइटची तारीफ करणं हाही त्यातलाच प्रकार. ब्लॉगवाल्याला प्रत्येक कमेंटशेजारी आयपी पत्ता दिसतो.

साइटचा पत्ता बदलताना

वर्षभराने लोक साइट नव्याने बनवून घेतात आणि पानांचे पत्ते बदलतात. त्या दिवशी जुन्या सगळ्या लिंका, कमेंटमधल्या आणि लेखांमधल्याही, 'पान सापडलं नाही' वर जाऊन आदळतात. बनवणाऱ्याला आधीच सांगा की प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून द्या. शीटमधला जुना पत्ता एकेक करून उघडून बघा, आणि डोमेनचं नूतनीकरण एका वर्षाऐवजी दोन-तीन वर्षांचं एकदम करून ठेवा.